एका खेळाची वाट पाहणारे लोक

एखादा ग्रंथ दुर्मिळ झाला म्हणजे त्याच्याभोंवतीं एक निराळेंच मंडळ जमूं लागतें, हें आपल्याकडील वाचकांस सांगावयास नको. ज्यांनीं तो वाचलेला असतो ते त्याची स्तुति करितात. ज्यांनीं वाचलेला नसतो ते त्याहूनहि अधिक करितात. जुन्या बाजारांत त्याची किंमत चढते. आणि नव्या आवृत्तीची जाहिरात आज ना उद्यां दिसेल या आशेनें कांहीं जण प्रत्येक मासिकाचें शेवटचें पान प्रथम उलगडतात. प्रकाशक मात्र बहुधा स्वस्थ असतो. त्याच्यापुढें हिशेबाची वही असते, आणि त्या वहींत प्रतीक्षेला रकाना नसतो.

प्रस्तुत लेखांत ज्या प्रतीक्षेची हकीकत सांगावयाची आहे ती ग्रंथाची नव्हे, व्हिडिओ गेमची आहे. विषय ऐकून कांहीं वाचक कपाळास आंठ्या घालतील. कादंबरी व चित्रपट यांनाहि एके काळीं अशाच आंठ्या पाहाव्या लागल्या, एवढें सांगून पुढें जाऊं. जपानांत १९८९ सालीं जन्मास आलेल्या ‘मदर’ या तीन खेळांच्या मालिकेची कथा इतिहासाच्या विद्यार्थ्यानें पाहण्याजोगी आहे. कारण कृतीचे हक्क ज्याच्या तिजोरींत आहेत त्यानें ती जतन करण्याचें मनावर घेतलें नाहीं, तर तें काम कोणी आणि कोणत्या अधिकारानें करावयाचें, हा जुनाच प्रश्न तींत एका नव्या वेषांत उभा राहिलेला आहे.

या खेळांचा कर्ता शिगेसातो इतोई हा मूळचा जाहिरातींचा लेखक. १९४८ सालीं जन्मलेला हा गृहस्थ मोठमोठ्या दुकानांसाठीं एका-दोन ओळींचीं वाक्यें लिहून जपानांत घरोघरीं ठाऊक झाला होता. ‘माय नेबर तोतोरो’ या १९८८ च्या चित्रपटांतील पित्याचा आवाजहि त्याचाच. १९८६ सालीं जपानांत ‘ड्रॅगन क्वेस्ट’ नांवाचा खेळ निघाला आणि त्यानें तेथील मुलांस व मोठ्यांसहि वेड लावलें. या जातीच्या खेळांत खेळणारा एका नायकास गांवोगांव हिंडवितो, वाटेंत भेटणाऱ्या माणसांशीं बोलवितो, शत्रूंशीं लढवितो, आणि अशा रीतीनें पुष्कळ तास चालणारी एक कथा हळूहळू उलगडत जाते. कादंबरी वाचणें आणि प्रवास करणें यांच्या मधली ही कांहींतरी क्रिया आहे. इतोईस तो खेळ फार आवडला. परंतु किल्ले, तरवारी आणि राजकन्या यांच्याऐवजीं आजच्या साध्या गांवांतला, डोक्यावर टोपी घातलेला एखादा मुलगाच नायक कां असूं नये, असें त्याच्या मनांत आलें, आणि तें मनांत घेऊनच तो निन्टेंडो कंपनीच्या दारीं गेला. २७ जुलै १९८९ रोजीं ‘मदर’ प्रसिद्ध झाला. मदर म्हणजे आई; हें नांव त्यानें जॉन लेननच्या त्याच नांवाच्या गीतावरून घेतलें होतें.

दुसरा भाग तयार होण्यास पांच वर्षें लागलीं, आणि मध्यंतरीं तो अजिबात बंद पडतो कीं काय अशी वेळ आली होती. कामांत इतका गुंता झाला कीं कोणता धागा ओढला असतां कोणती गांठ बसेल हें कोणासच सांगवेना. अशा वेळीं ‘हॅल लॅबोरेटरी’ या संस्थेचा सातोरु इवाता नांवाचा प्रोग्रॅमर मदतीस आला. त्यानें सारें पाहून सांगितलें कीं, आहे तेंच दुरुस्त करीत बसलों तर दोन वर्षें लागतील. मुळापासून नव्यानें करूं दिलें तर सहा महिने पुरतील. नव्यानें करण्याचें ठरलें, आणि २७ ऑगस्ट १९९४ रोजीं ‘मदर २’ जपानांत विक्रीस आला. हाच इवाता २००२ सालीं निन्टेंडोचा अध्यक्ष झाला. वाचकांनीं त्याचें नांव ध्यानांत ठेवावें. पुढें तो पुन्हां येणार आहे.

‘मदर २’ कसा आहे हें थोडें विस्तारानें सांगितल्याखेरीज त्याच्यापायीं लोकांस लागलेलें वेड समजावयाचें नाहीं. ओनेट नांवाच्या गांवाबाहेर मध्यरात्रीं उल्का पडते. नेस हा मुलगा झोपेंतून उठून ती पाहावयास जातो, आणि तेथून त्याचा प्रवास सुरू होतो. हातांत शस्त्र म्हणावें तर बेसबॉलची बॅट. वडील सबंध कथेंत एकदांहि दृष्टीस पडत नाहींत. ते टेलिफोनवरच भेटतात. झालेली प्रगति नोंदवून ठेवावयाची असेल तर त्यांनाच फोन करावा लागतो. आणि फार वेळ खेळत बसल्यास ते आपण होऊन फोन करितात व आतां थोडी विश्रांति घे म्हणून सुचवितात. घरापासून बरेच दिवस दूर राहिलें कीं नेसला आईची आठवण येऊं लागते. ऐन लढाईंत तो हात उगारण्याचें सोडून घरचाच विचार करीत उभा राहतो, आणि आईला एकदां फोन केल्यावांचून हें दुखणें बरें होत नाहीं. लढाया, जादू, राक्षस हें सारें इतर खेळांतहि असतें. परंतु घराची ओढ हा जेथें विषबाधेइतकाच खरा विकार मानला आहे असा दुसरा खेळ आमच्या माहितींत नाहीं.

शेवटचा शत्रु निराकार आहे. त्याच्यापुढें बॅट चालत नाहीं आणि मंत्रहि चालत नाहींत. तेव्हां नेसच्या सोबतची पॉला ही मुलगी प्रार्थना करूं लागते. ती प्रार्थना प्रवासांत भेटलेल्या माणसांपर्यंत जाऊन पोंचते, आणि ज्याच्या त्याच्या घरीं तो तो माणूस या मुलांसाठीं हात जोडतो. त्यांतले कित्येक खेळणाऱ्याच्या स्मरणांतूनहि गेलेले असतात. एवढ्यानेंहि भागत नाहीं. मग ती हांक अंधारांत विरते, आणि तिला उत्तर येतें तें खुद्द खेळणाऱ्याकडून, त्याच्या खऱ्या नांवानिशीं. तें नांव खेळानें कित्येक तासांपूर्वीं सहज बोलतां बोलतां विचारून ठेविलेलें असतें. कथेच्या बाहेर निर्धास्त बसलेल्या माणसाला कथेनें अशा रीतीनें आंत ओढून घेतल्यावर तो त्या खेळाला नुसता खेळ म्हणून कसा विसरूं शकेल? पुढें जे झालें त्याचें बीज आमच्या मतें या शेवटच्या प्रसंगांत आहे. ज्यांची प्रार्थना खेळानें मागितली त्यांनीं ती पुढें वीस वर्षें चालूच ठेविली.

५ जून १९९५ रोजीं हा खेळ ‘अर्थबाउंड’ या नांवानें अमेरिकेंत निघाला. मार्कस लिंडब्लॉम यानें पूर्ण केलेलें इंग्रजी रूपांतर उत्तम होतें. जाहिरात मात्र ज्या कोणाच्या डोक्यांतून निघाली त्याला इतोईचा खेळ कळला होता असें म्हणवत नाहीं. या खेळाला घाण येते, अशा अर्थाची घोषणा करून मासिकांतून खरोखरच दुर्गंध सुटणारे कागद वांटण्यांत आले! मुलांस असला आचरटपणा आवडतो अशी समजूत असावी. त्यांतून त्याच सुमारास ‘डाँकी काँग कंट्री’ या खेळाच्या घडीव, चकचकीत चित्रांनीं लोकांचे डोळे दिपले होते. त्याच्या शेजारीं ‘अर्थबाउंड’चीं साधीं, मुलानें रंगीत खडूंनीं काढल्यासारखीं चित्रें दरिद्री दिसलीं. मार्गदर्शक पुस्तकासह भल्यामोठ्या खोक्यांत घालून विकलेला हा खेळ अमेरिकेंत सुमारें १,४०,००० खपला असें सांगतात. युरोपांत तो गेलाच नाहीं. व्यापाराच्या दृष्टीनें प्रकरण तेथेंच मिटलें.

परंतु थोड्या मुलांनीं तो खेळला होता, आणि मुलें मोठीं होतात. १९९९ सालीं निन्टेंडोनें आपल्या निरनिराळ्या खेळांतील नायकांस एका आखाड्यांत उतरविणारा ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ काढला. त्यांत नेसहि होता. हा टोपीवाला मुलगा कोण, असें नवे लोक विचारूं लागले, आणि जुने लोक सांगूं लागले. इंटरनेटमुळें हीं विखुरलेलीं माणसें एकमेकांस सांपडत गेलीं. निवेदनें निघालीं, सह्या गोळा झाल्या, कंपनीस फोन गेले. या निवेदनांचा तपशील कंटाळवाणा आहे आणि त्यांचा परिणामहि फारसा झालेला दिसत नाहीं, म्हणून तो येथें देत नाहीं. त्यापेक्षां कितीतरी अधिक मनोरंजक अशी एक गोष्ट १९९८ सालीं घडली होती, आणि ती संशोधकाच्या नजरेनें पाहण्यासारखी आहे.

पहिल्या ‘मदर’चें इंग्रजी भाषांतर १९९० सालींच पुरें झालें होतें. फिल सँडहॉप यानें तें निन्टेंडोच्या अमेरिकन शाखेंत केलें. परंतु नवें, अधिक समर्थ यंत्र बाजारांत येण्याच्या बेतांत असल्यामुळें जुन्या यंत्रावरील या खेळाचा खर्च भरून निघेल असें कंपनीस वाटेना, आणि तयार झालेलें काम कपाटांत गेलें. १९९८ सालीं या अप्रकाशित खेळाचें नमुन्यादाखल बनविलेलें एक कार्ट्रिज हौशी संग्राहकांच्या बाजारांत आलें. डेमिफोर्स या टोपणनांवाच्या व्यक्तीच्या पुढाकारानें कांहीं जणांनीं त्यांतील मजकूर उतरवून घेतला आणि सर्वांस खुला केला. ताबडतोब वाद सुरू झाला. हें खरोखरच १९९० चें भाषांतर आहे, कीं कोणा हुषार चाहत्यानें रचलेलें बनावट बाड आहे?

पोथीच्या खरेपणाविषयीं ज्यांनीं कधीं वाद घातला आहे त्यांस या चर्चेची रीत ओळखीची वाटेल. बाजूनें बोलणारे म्हणत कीं, मूळ जपानी खेळांतील सिगारेट, रक्त असल्या गोष्टी येथें पुसलेल्या आहेत, आणि त्या काळीं निन्टेंडोची अमेरिकन शाखा नेमक्या ह्याच गोष्टी पुशीत असे. या प्रतींत नायकाला धांवतां येतें, मूळांत तो चालतोच. शेवटहि मूळापेक्षां लांबविलेला आहे. इतका खटाटोप बनावट करणारा कशासाठीं करील? तथापि अंतर्गत पुराव्यानें सर्वांचें समाधान होत नसतें. निर्णय झाला तो बाहेरून. २० जून २००३ रोजीं निन्टेंडोनें पहिले दोन्ही भाग एकत्र करून जपानांत नव्या यंत्रासाठीं पुन्हां प्रसिद्ध केले. त्या जपानी आवृत्तींतील पहिल्या भागांत धांवण्याची सोय होती, आणि तोच लांबविलेला शेवटहि होता! चाहत्यांच्या हातीं लागलेली ‘संशयित’ प्रत आणि कंपनीच्या दप्तरांतील प्रत एकाच मूळावरून उतरलेल्या आहेत, हें यावरून उघड झालें. ज्या संस्थेनें ती प्रत निर्माण केली तिनें त्याविषयीं एक शब्दहि काढला नव्हता. परक्या हौशी माणसांनीं मात्र पांच वर्षें तिच्या अस्सलपणाचा वाद चालविला.

आतां तिसऱ्या भागाकडे वळूं. ‘मदर ३’चें काम १९९४ पासूनच सुरू झालें होतें. तो प्रथम एका यंत्रासाठीं, नंतर ‘निन्टेंडो ६४’ला जोडावयाच्या एका डिस्क-यंत्रासाठीं योजिला गेला, १९९९ सालीं त्याचा नमुना प्रदर्शनांत लोकांस दाखविलाहि, आणि ऑगस्ट २००० मध्यें तो रद्द झाल्याचें जाहीर करण्यांत आलें. या जाहीर करण्याची तऱ्हा मोठी विलक्षण होती. इतोई, इवाता आणि निन्टेंडोचा विख्यात खेळकर्ता शिगेरु मियामोतो हे तिघे एकत्र बसले, काय चुकलें याविषयीं मोकळेपणानें बोलले, आणि तें संभाषण इतोईनें स्वतः चालविलेल्या ‘होबोनिची’ या दैनिकवजा इंटरनेट-पत्रांत जसेंच्या तसें छापलें. मेलेल्या कृतीचा असा शोकप्रस्ताव तिच्याच कर्त्यांनीं सर्वांसमक्ष मांडल्याचीं उदाहरणें थोडीं. कंपन्यांच्या नेहमींच्या कोरड्या पत्रकापेक्षां तो आम्हांस शतपट सभ्य वाटतो.

तथापि २००३ च्या त्या जोड-आवृत्तीच्या जाहिरातीबरोबरच तिसऱ्या भागाचें काम पुन्हां हातीं घेतल्याचें कळलें, आणि २० एप्रिल २००६ रोजीं ‘मदर ३’ एकदांचा बाहेर पडला. त्यांत नांवांतली आई पहिल्याच प्रकरणांत मरण पावते, आणि पैसा म्हणजे काय हें ठाऊक नसलेल्या ताझमिली नांवाच्या गांवांत हळूहळू पैसा शिरतो, घरोघरीं एक उजळणारी पेटी येते, शेजारी शेजाऱ्यास ओळखेनासा होतो. दुसऱ्या भागांतील हंसरेपण येथें पुष्कळ उणें आहे. विचार अधिक खोल आहे. परंतु ज्या ‘गेमबॉय ॲडव्हान्स’ यंत्रासाठीं तो काढला तें यंत्र त्या वेळीं मावळतीस लागलें होतें, कारण त्याच्या पुढचें यंत्र २००४ सालींच निघालें होतें. इंग्रजी आवृत्ति निघाली नाहीं. महानुभावांचें वाङ्मय सांकेतिक लिपींत कोंडलेलें होतें तोंवर शेजारच्या मराठी माणसासहि तें असून नसल्यासारखें होतें. जपानी न येणाऱ्या चाहत्यांची स्थिति कांहींशी तशीच झाली. खेळ विकत घेतां येत होता, हातांत धरतां येत होता, वाचतां मात्र येत नव्हता.

नोव्हेंबर २००६ मध्यें कांहीं चाहत्यांनीं तो स्वतःच इंग्रजींत आणण्याचें ठरविलें. त्यांचा म्होरक्या क्लाइड मँडेलिन हा व्यवसायानेंच जपानी-इंग्रजी भाषांतरकार. बाकीचे सुमारें डझनभर लोक निरनिराळ्या कामधंद्यांतले. काम दुहेरी होतें. भाषांतर हा अर्धाच भाग; दुसरा अर्धा भाग छापखान्यांतल्या खिळे जुळविण्यासारखा. जपानी अक्षरें सारख्या रुंदीच्या चौकटींत बसतात. इंग्रजी अक्षरें कमीअधिक रुंदीचीं असून शब्द लांब होतात. त्यामुळें मजकूर पडद्यावर मांडण्याची मूळ योजनाच उकलून, यंत्राला दिलेल्या आज्ञा एकेक वाचून, ती नव्यानें बांधावी लागली. आणि हें सारें मूळ कर्त्यांनीं ठेविलेल्या कोणत्याहि टिपणाच्या आधारावांचून. दोन वर्षें, सहस्रावधि तास, आणि मोबदला शून्य. १७ ऑक्टोबर २००८ रोजीं तें काम प्रसिद्ध झालें, आणि पहिल्या आठवड्यांतच एक लाखाहून अधिक वेळां लोकांनीं तें उतरवून घेतलें.

त्यांनीं प्रसिद्ध केलें काय, हें नीट समजून घेतलें पाहिजे. त्यांनीं खेळ वांटला नाहीं. त्यांनीं वांटलें तें आपल्या भाषेंत सांगावयाचें तर एक प्रचंड शुद्धिपत्र: अमुक स्थळींचें अमुक काढून तेथें अमुक घालावें, एवढेंच त्यांत असतें. मूळ जपानी खेळ ज्याच्यापाशीं असेल त्यानें तें त्यास लावावें म्हणजे इंग्रजी पाठ तयार होतो. कायद्याच्या कांट्यावर ही युक्ति पूर्ण निर्दोष ठरेल असें कोणी वकील छातीठोकपणें सांगेल असें वाटत नाहीं. मूळावरून रूपांतर करण्याचा हक्क मूळ मालकाचा असतो. परंतु या लोकांची वागणूक चोरांची खास नव्हती. कंपनीनें स्वतः इंग्रजी आवृत्ति काढावयाचें ठरविल्यास आपलें काम मागें घेऊं, असें त्यांनीं सांगितलें. आणि २०१३ सालीं मँडेलिननें आपलें सगळें भाषांतर निन्टेंडोस विनामूल्य देऊं केलें. दुकानदाराच्या बंद दारापुढें माल फुकट ठेवून गिऱ्हाईकानेंच विकत घेण्यासाठीं रांग लावावी, असा हा प्रकार होता. दार उघडलें नाहीं.

चाहत्यांच्या वर्तनाची सर्व बाजूंनीं तारीफ करावी असें मात्र नाहीं. दर वर्षीं जून महिन्यांत लॉस एंजेलिस येथें खेळांच्या व्यापाराचें मोठें प्रदर्शन भरत असे; त्याच्या आधीं कित्येक आठवडे हे लोक ज्योतिष्यासारखे शुभाशुभ चिन्हें पाहात. इतोईनें मुलाखतींत एखादा शब्द अधिक उच्चारला, कोणा अधिकाऱ्याच्या टेबलावर अमुक चित्र दिसलें, कीं आतां बातमी येणार! ती न आली म्हणजे शिव्याशाप. आपण नवा, चौथा ‘मदर’ करणार नाहीं असें इतोई पुनः पुनः सांगत असतां, त्याच्या नकारांतून होकार काढण्याचा उद्योग चालूच राही. निन्टेंडोच्या अमेरिकन शाखेचा त्या वेळचा अध्यक्ष रेजी फिस-ऐमे याच्या तर हें पांचवीलाच पुजलें होतें. २०१४ सालच्या प्रदर्शनासाठीं कंपनीनें केलेल्या एका विनोदी बाहुलीपटांत एक चाहता ‘मदर ३’ मागतो आणि रेजीची बाहुली त्यास जागच्या जागीं जाळून भस्म करिते. विनोद उत्तम, पण त्यांतून एक गोष्ट सिद्ध होते: मागणी कंपनीच्या कानांवर गेलीच नव्हती असें आतां कोणास म्हणतां येणार नाहीं.

या उतावळ्या गर्दींत २००७ सालची एक मागणी वेगळी उठून दिसते. चाहत्यांनीं स्वतः काढलेल्या चित्रांचें २७० पानांचें पुस्तक तयार करून तें निन्टेंडोस व वृत्तपत्रांस पाठविलें. सह्यांच्या भेंडोळ्यापेक्षां हा अर्ज किती सुसंस्कृत! उत्तर म्हणण्यासारखें कांहीं आलें नाहीं. मात्र प्रतीक्षेच्या या मंडळांत वाढलेला टोबी फॉक्स हा तरुण पुढें ‘अंडरटेल’ या खेळाचा कर्ता म्हणून जगभर प्रसिद्ध झाला. तो खेळ २०१५ सालीं निघाला, आणि ‘अर्थबाउंड’चा वारसा त्यांत पानोपानीं दिसतो. दुकानांत न मिळणाऱ्या एका कृतीनें नवी कृति जन्मास घातली.

जुना ‘अर्थबाउंड’ पुन्हां कां निघत नाहीं याविषयीं नाना तर्क प्रचलित होते. त्याच्या संगीतांत प्रसिद्ध पाश्चात्य गीतांचे पडसाद ऐकूं येतात, म्हणून कंपनीचे वकील भितात, हा त्यांतला सर्वांत लोकप्रिय तर्क. तो खरा असो वा खोटा. १७ एप्रिल २०१३ रोजीं निन्टेंडोच्या नेहमींच्या ध्वनिचित्र-निवेदनांत इवाता स्वतः पडद्यावर आला आणि हा खेळ त्याच वर्षीं अमेरिकेंत व युरोपांत ‘वी यू’ यंत्रासाठीं मिळेल असें त्यानें सांगून टाकलें. ज्यानें १९९४ पूर्वीं तो गुंत्यांतून सोडविला त्यानेंच तो अठरा वर्षांनीं पुन्हां लोकांपुढें आणावा, हा योगायोग चाहत्यांस गहिंवर आणणारा होता. १८ जुलै २०१३ रोजीं तो मिळूं लागला. १९९५ चें मार्गदर्शक पुस्तकहि कंपनीनें सर्वांस मोफत वाचावयास दिलें. युरोपांतील चाहत्यांनीं हा खेळ कायदेशीर रीतीनें प्रथमच विकत घेतला.

१४ जून २०१५ रोजीं त्याहूनहि अनपेक्षित गोष्ट झाली. पहिला ‘मदर’, म्हणजे १९९० सालीं कपाटांत गेलेलें सँडहॉपचें तें भाषांतर, ‘अर्थबाउंड बिगिनिंग्ज’ या नांवानें जाहीर झालें आणि त्याच दिवशीं मिळूं लागलें. इतोईनें चाहत्यांस उद्देशून दृक्श्राव्य संदेश पाठविला. पंचवीस वर्षें थांबलेला मजकूर, ज्याच्या अस्सलपणाविषयीं लोक भांडले होते तोच, आतां मालकाच्या मोहरेसह हातांत आला. त्यानंतर एक महिनाहि झाला नव्हता तों, ११ जुलै २०१५ रोजीं, इवाता वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं वारला.

कथा येथें संपती तर ती एक चांगली बखर झाली असती. परंतु पुनःप्रकाशन म्हणजे काय हेंच या नव्या माध्यमांत बदललें आहे. जुन्या ग्रंथाची नवी आवृत्ति निघाली म्हणजे हजार-दोन हजार प्रती लोकांच्या कपाटांत जातात. पुढें प्रकाशक बुडाला तरी त्या तेथें राहतात, आणि रद्दीवाल्याकडून फिरत फिरत एखाद्या विद्यार्थ्याच्या हातीं लागतात. २०१३ सालीं जें विकलें गेलें त्याला असा रद्दीवाला नाहीं. तें ज्या इंटरनेट-दुकानांतून विकलें त्या दुकानांतील विक्री २७ मार्च २०२३ रोजीं कायमची बंद झाली. तत्पूर्वीं ९ फेब्रुवारी २०२२ रोजीं दोन्ही खेळ कंपनीच्या नव्या यंत्रावर आले होते, पण ते विकत नव्हे, वर्गणीनें. वर्गणी थांबली कीं खेळ थांबला. वाचनालयाचा सभासद आणि पुस्तकाचा मालक यांतला भेद आपणांस ठाऊक आहेच. येथें मालक होण्याचा मार्गच शिल्लक राहिला नाहीं.

आणि हे तर भाग्यवान खेळ, ज्यांच्यासाठीं ओरडणारे लोक होते. अमेरिकेंतील ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ या संस्थेनें जुलै २०२३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या पाहणींत असें आढळलें कीं, २०१० पूर्वीं अमेरिकेंत निघालेल्या खेळांपैकीं ८७ टक्के खेळ बाजारांत कोणत्याहि रूपानें मिळत नाहींत. उरलेल्या तेरा टक्क्यांची तुलना त्या संस्थेनें अमेरिकन मूकपटांशीं केली, ज्यांतले सुमारें चौदा टक्केच आज मूळ स्वरूपांत सांपडतात. ज्या देशाच्या पहिल्या बोलपटाची, १९३१ च्या ‘आलम आरा’ची, एकहि प्रत उरलेली नाहीं त्या देशांतल्या माणसाला या आंकड्याचा अर्थ फोडून सांगावयास नको. जुने, बाजारांतून गेलेले खेळ ग्रंथालयांनीं संशोधकांस दुरूनहि पाहूं द्यावे, अशी सवलत या संस्थेनें व तिच्या साथीदारांनीं मागितली होती. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाच्या शिफारशीवरून ऑक्टोबर २०२४ मध्यें ती नाकारण्यांत आली. संशोधनाच्या नांवाखालीं लोक मजेनें खेळत बसतील, अशी भीति विरोधकांनीं दाखविली होती. ग्रंथालयांतील कादंबरी कोणी मजेनें वाचतो म्हणून ग्रंथालयास कुलूप लावावें, असें म्हणणारा अजून आम्हांस भेटावयाचा आहे.

‘मदर ३’ जपानांत १७ डिसेंबर २०१५ रोजीं ‘वी यू’ यंत्रासाठीं पुन्हां निघाला, आणि २१ फेब्रुवारी २०२४ रोजीं तेथील वर्गणीदारांच्या यादींतहि आला. त्या दिवशीं इतर देशांतील चाहते नेहमींप्रमाणें पहांटे उठून आपापल्या देशाची यादी पाहात होते. तींत तो नव्हता; आणि जपानी यादींत आला त्याचा पाठहि २००६ चाच, जपानी होता.